शब्दचर्चा : 'कोमट' वाईट कधीपासून?

गुरुवार पेठेतली आत्या :
गेल्या रविवारी उपासनेत पाळकांनी बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, तिसरा अध्याय घेतला. लावदिकीया गावच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, प्रभूची ताकीद आहे : तू उष्ण नाहीस, शीत नाहीस, कोमट आहेस, म्हणून तुला ओकून टाकीन. शेजारी बसलेली अकरावीतली भाची कानात पुटपुटली, "आत्या, पण कोमट तर चांगलं असतं ना?" मी गप्प. घसा बसला की कोमट पाण्याच्याच गुळण्या, बाळाची अंघोळ कोमट पाण्याने, तेलसुद्धा कोमट करूनच चोळायचं. इथे दुसरा शब्द हवा का?

निवृत्त मास्तर :
नको हो. 'मिळमिळीत' केलंत तर ओकणं जातं. आणि उष्ण म्हणजे भक्तिमान, शीत म्हणजे अविश्वासी असं आपण धरून चालतो. मग 'शीत असतास तर बरं होतं' असं प्रभू का म्हणेल? लावदिकीया आजच्या तुर्कस्तानात. जवळच्या हेरापलीला गरम पाण्याचे झरे, कलस्सै गार पाण्याचं. अंग शेकायला ते, तहानेला हे. लावदिकीयाचं पाणी नळांतून यायचं; त्या नळांत साचलेले क्षाराचे जाड थर अजून दिसतात. तेव्हा दोन्ही टोकं कामाची, मधलं बिनकामाचं, असा अर्थ बरेच अभ्यासक लावतात. मला तो पटतो.

कोथरूडकर :
मी ख्रिस्ती नाही, पण योगवर्गात वमन केलंय. मिठाचं कोमट पाणी भराभर प्यायचं आणि बाहेर काढायचं. गारही नाही, कढतही नाही, कोमटच लागतं. त्यामुळे 'ओकून टाकीन' वाचून मला काहीच खटकलं नाही. (मिशनऱ्यांकडे चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आलं, तो पंचहौद मिशनमधला 1890 चा चहा कोमट होता की कडक, याची मात्र ग्रामण्यवाल्यांनी चौकशी केल्याचं ऐकलं नाही.)

आत्या :
चहावरून पुण्यात अजून भांडणं होतात, तो विषय नको! दुसरी शंका. मत्तयाच्या शुभवर्तमानात, 24 व्या अध्यायात, अनीती वाढल्यामुळे पुष्कळांची प्रीती 'थंडावेल'. 'निवेल' का नाही?

मास्तर :
कारण निवणं सुखाचं. डोळे निवतात, जीव निवतो. 'गार पडेल' म्हटलं तर एका फटक्यात आडवी झाल्यासारखं वाटतं. थंडावतो तो बाजार, उत्साह, आणि दर निवडणुकीत 'प्रचाराच्या तोफा'. आधी जोर होता आणि तो ओसरला, हे त्या एका क्रियापदात येतं. मूळ ग्रीक क्रियापदात फुंकर घालून गार करण्याची छटा आहे, ती मात्र मराठीत हरवली. प्रकटीकरणातच इफिस गावच्या मंडळीवरचा ठपकाही असाच : 'पहिली प्रीती' सोडलीस. तिथे श्रम आहेत, धीर आहे, खोट्या प्रेषितांची पारखसुद्धा आहे. बाहेरून बघणाऱ्याला धोक्याची खूण दिसणारच नाही.

खडकीवाली :
'प्रीती' तरी आता कोण बोलतं? लग्नपत्रिका सोडली तर.

मास्तर :
चर्चमध्ये बोलतात, बाई. आणि तिथे ती 'जडत' नाही, 'करायची' असते : शेजाऱ्यावर, वैऱ्यावरसुद्धा. विश्वासाचंही तसंच, त्याच्यातून 'विश्वासू' निघतो, श्रद्धेतून फार तर श्रद्धाळू. पंडिता रमाबाईंनी केडगावात अख्खं बायबल हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत आणलं. त्या 1922 साली गेल्या, छापील प्रत 1924 ची. साधा शब्द शोधणं किती जिकिरीचं, ते असं एकेका शब्दापाशी अडलं की कळतं.

आत्या :
भाचीला वमनाचं सांगितलं. "ईऽऽ" म्हणाली. कोमट राहू द्या.