कुंपणालगतच्या पट्ट्यात गडांबी कांदा लावण्याबाबत

बाग समिती: सर्व सभासदांना नमस्कार. मागच्या कुंपणालगतची हिरवळ टँकरच्या पाण्यावर जगवणे आता परवडत नाही, म्हणून तिथे गडांबी कांदा लावावा असे मी सुचवतो. क्रायनम लॅटिफोलियम असे शास्त्रीय नाव असलेला हा आपल्याकडचाच रानकंद आहे. पावसाळा सरला की त्याची पाने हळूहळू वाळतात, कंद जमिनीखाली उन्हाळा काढतो आणि वळवाच्या सरींनंतर गुलाबी पट्ट्यांच्या पांढऱ्या फुलांचा दांडा वर येतो. फुले संध्याकाळी उमलतात आणि त्यांची नळी इतकी लांब असते, की तळाशी असलेला मध लांब सोंडेच्या हॉक मॉथ पतंगांनाच मिळतो. रात्रीच्या उजेडाने हे पतंग भरकटतात, त्यामुळे कुंपणाजवळचा प्रखर दिवा फुलांच्या दिवसांत बंद ठेवावा, अशीही माझी विनंती आहे.

ए-३०२: काका, म्हणजे उन्हाळाभर तिथे उघडी माती दिसणार का? अधूनमधून पाणी दिले तर पाने टिकणार नाहीत का?

बाग समिती: ताई, विश्रांतीच्या काळात पाणी साचले तर कंद कुजतो, या झाडाचे नुकसान बहुधा दुष्काळापेक्षा मायेनेच जास्त होते. उघडी जागा झाकण्यासाठी मध्ये कोरांटी लावता येईल, तिलाही फारसे पाणी लागत नाही.

बी-१०४: हा कंद विषारी असतो ना? आमच्या घरी लहान मूल आहे आणि कुत्राही आहे.

बाग समिती: आपली शंका रास्त आहे. त्यात लायकोरीन हे द्रव्य असते आणि पोटात गेल्यास उलट्या होतात. म्हणून खेळाच्या जागेजवळ तो लावायचा नाही, तिथे पाटीही लावू. मात्र पांढऱ्या-लाल ठिपक्यांच्या काळ्या अळ्या त्याची पाने खुशाल खातात. त्या लिली मॉथच्या असतात. कृपया त्यांच्यावर फवारणी करू नये, कंद शाबूत असला की पाने पुन्हा फुटतात.

सी-२०१: पुढच्या ट्रेकला गेल्यावर डोंगरातून दहा-बारा कंद आणू का?

बाग समिती: नको. रानातला कंद उपटून बाग करणे मला तरी मान्य नाही. कोणाच्या बागेत जुने बेट असेल तर त्याची पिल्ले मागू, नाहीतर रोपवाटिकेतून घेऊ. मांसल बियाही मातीवर नुसत्या ठेवल्या तरी रुजतात, पण त्यांना फुले यायला काही वर्षे लागतील. लावताना मातीत मुरूम मिसळावा आणि कंदाची मान जमिनीच्या वर ठेवावी. हलवलेला कंद पहिल्या वर्षी रुसू शकतो, तेव्हा तक्रारी पुढच्या पावसाळ्यानंतर कराव्यात. रविवारी सकाळी आळी खणायची आहेत. ज्यांच्याकडे घमेले असेल त्यांनी ते आणावे.