मदत हवी आहे: दारू सोडल्यावर लिव्हर किती सुधारतं?

माझ्या मोठ्या भावाने गणपतीपासून दारू पूर्ण बंद केलीये, अगदी मनापासून, मला त्याचं खरंच खूप कौतुक वाटतं. तेव्हा लिव्हरच्या रक्ततपासणीत एसजीओटी एसजीपीटीच्या दुप्पट होतं आणि जीजीटी ३४०, आता जीजीटी ९० च्या खाली आलंय पण फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा केपीए या एककात मोजणारी तपासणी) अजून ११ केपीए दाखवतोय. डॉक्टर म्हणाले नुसती चरबी असेल तर काही आठवड्यांत उतरते, फायब्रोसिसला (लिव्हरमध्ये व्रण होऊन ते कडक होणं) मात्र वेळ लागतो आणि सिरॉसिसपर्यंत (त्याची शेवटची अवस्था) गेलं की सहसा पूर्ण मागे येत नाही, म्हणून एक घोटही नको.

घरात सगळे गुळवेलाचा काढा दे म्हणतायत, पण २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या पेशंटबद्दल लिहिलं होतं म्हणून मी तो घरात येऊच देत नाहीये. प्रोटीन दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम घ्यायला सांगितलंय, आम्ही शाकाहारी, तर मटकी, पनीर, सोयाबीन यातून रोजचं कसं बसवता? आणि रात्री झोपायच्या आधी थोडं खायला देता का, काय देता?

ज्यांच्या घरी कोणी यातून गेलंय त्यांनी प्लीज सांगा, फायब्रोस्कॅनचा आकडा खाली यायला किती वेळ लागला? तो रोज विचारतो हो.