शार्कची 'हद्द', 'अधिवास' की 'वावर'?

खारवट: एका माहितीपटाची सबटायटलं करतेय आणि एका वाक्यापाशी दोन दिवस अडकलेय. पॅसिफिकच्या मधोमध पाल्मायरा म्हणून प्रवाळबेट आहे, तिथे करडे शार्क बाहेरच्या अंगाला, जिथून प्रवाळाचा उतार खोल पाण्यात जातो तिकडे असतात आणि काळ्या टोकाचे (परांची टोकं काळी असलेले) आत उथळावर, लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाने वेढलेल्या पाण्यात. जागा वेगवेगळ्या, पण टेरिटरी कुणाचीच नाही, म्हणजे राखण कुणी करत नाही. मी लिहिलं 'दोघांनी हद्द वाटून घेतली'. तपासणाऱ्याने परत पाठवलं, हद्द म्हटलं की भांडण आलं म्हणे, 'अधिवास' लिहा. आता अधिवास म्हटलं की मला तहसील कचेरीतला दाखला आठवतो, त्याला मी काय करू? ओळीला ४० अक्षरंच मिळतात.

जुनाट तात्या: दाखला आठवतो हा शब्दाचा दोष नाही. प्रतिष्ठेआधी मूर्ती पाण्यात ठेवतात त्याला जलाधिवास म्हणतात, शार्क तर जन्मभर जलाधिवासात! छान शब्द आहे, वापरा. आणि टेरिटरी राखण्याच्या वृत्तीला 'प्रादेशिकता'.

सात_बावनची_लोकल: तात्या, प्रादेशिकता निवडणुकीत असते हो. आणि अधिवास म्हणजे हॅबिटॅट, तो तर दोघांचा एकच आहे, अख्खा प्रवाळ. प्रश्न त्यातल्या कोपऱ्यांचा आहे ना? रुमाल टाकून जागा धरणं ही टेरिटरी. पण आमच्या डब्यात एक ग्रुप रोज दारातच उभा असतो, दुसरा आत पंख्याखाली, कुणी कुणाला अडवलेलं नाही, तरी दारातल्या गर्दीत घुसण्यापेक्षा आत गेलेलं बरं हे सगळ्यांना कळतं. मला हे शार्क तसेच वाटतायत.

खारवट: अगदी तसंच! तिथल्या शार्कच्या २०१८ च्या अभ्यासात हेच आहे, की पहारा न देताही नुसत्या खाण्याच्या चढाओढीतून अशी विभागणी होऊ शकते. जिथे दुसऱ्यांनी आधीच खाणं कमी केलंय तिथे जाऊन काय मिळणार.

वावरवाला: मंग 'वावर' लिहा ना. 'उथळावर काळ्या टोकाच्यांचा वावर.' फक्त आमच्या विदर्भात वाचणारे विचारतील, सातबारा कोणाच्या नावावर आहे 😄 आमच्याकडे ते वावर म्हणजे शेत. बाबा रोज सकाळी 'वावरात जाऊन येतो' म्हणून निघायचे, पुण्यात होस्टेलला मी तसं बोललो तर रूममेट म्हणे कुठे वावरायला चालला.

जुनाट तात्या: लिंगानेच कळतं की. तो वावर म्हणजे फिरणं, ते वावर म्हणजे शेत. वावरणं हे संस्कृत 'व्यापृ'वरून प्राकृतातून आलं, आणि माझ्या मते शेतही त्यातूनच, जिथे माणूस दिवसभर वावरतो ते वावर.

वावरवाला: मते म्हंजे पुरावा नाही ना तात्या.

जुनाट तात्या: नाही. पण पटतं की नाही?

पोफळीखाली: 'इलाका' का नको? सुटसुटीत आहे.

जुनाट तात्या: अरबी. हद्दही अरबीच. आपल्याकडे 'शीव' असताना!

पोफळीखाली: शिवाजीमहाराजांच्या काळापासून हद्द मराठीत नांदतेय, आता तिला परत पाठवणार का? गंमत म्हणजे अरबीत इलाकाचा मूळ अर्थ 'संबंध', जमिनीशी काही घेणंदेणं नाही. म्हणजे या दोघांना चपखल, एकाच वंशातले भाऊबंद आहेत. सरळ 'भाऊबंदकी' लिहा, चढाओढही आली आणि वाटणीही.

खारवट: भाऊबंदकीत बांध कोरतात हो, इथे बांधच नाही 😩 बरं करड्याची अजून एक भानगड आहे. पाणबुड्याने त्याला कोंडीत पकडलं की तो पाठ कमानीसारखी उचलतो, छातीजवळचे पर खाली ताठ पाडतो, नाक वर करून अंग वळवत वळवत पोहतो. बघणाऱ्याला वाटतं जागा राखतोय, पण तो जिवाच्या भीतीने करतो. आणि पांढऱ्या टोकाचे तर दिवसा कपारीत एकमेकांना खेटून पडलेले असतात, रात्री शिकारीला निघतात. त्यांना काय म्हणू?

मालवणी_माज: कॉटबेसिसवाले 😂 पण मुळात 'शार्क' कशाला? आमच्यात मोरी म्हणतत. 'करडी मोरी' लिवा.

सात_बावनची_लोकल: मोरी?? न्हाणीतली?

मालवणी_माज: तीच चूक माझ्या पुण्याच्या जावेने केलेली. पहिल्यांदा आली, सासूबाई म्हणाल्या आज मोरीचं मटण आहे, तर ती अर्धा तास नुसती भाकरी कुरतडत बसली, कुणाला विचारायची सोय नाही. मग कुणीतरी सांगितलं, तेव्हा दोनदा वाढून घेतलं.

किनाऱ्यावरचा_कोळी: मुंबईत मुशी. मोरी नाही. आमची आजी टोपलीत घेऊन जायची तेव्हा 'मुशीऽ' अशीच हाक. मोरी लिहिलंत तर अर्धी मुंबई नाक दाबेल.

मालवणी_माज: मुंबईत ती इली खयसून ता विचारा आधी 😏

जुनाट तात्या: मुशी मुसळावरून असावी, आकार बघा.

किनाऱ्यावरचा_कोळी: तात्या तुम्ही मुशी पाहिलीय का कधी? खाता का तरी?

जुनाट तात्या: शब्दापुरती.

वावरवाला: काहून भांडता. मुशी का मोरी, रेसिपी टाका कोणीतरी.

मालवणी_माज: आधी कडकडीत पाणी ओतून खरखरीत साल काढायची. मग वाटप मटणासारखंच, भाजक्या खोबऱ्याचं. बाकी इनबॉक्समध्ये, इथे कोळीदादा आमसुलावरून वाद काढतील.

किनाऱ्यावरचा_कोळी: चिंच. आमसूल नाही.

खारवट: अहो माझं वाक्य! वावर लिहिलं तर शेत, हद्द लिहिली तर भांडण. शेवटी 'दोघे आपापल्या भागात वावरतात' करून पाठवलं. आत्ताच शेरा आला, 'भागात' म्हणजे एपिसोडमध्ये असं वाटतंय, बदला.

जुनाट तात्या: म्हणून म्हणत होतो, अधिवास.