घरच्या वायरवर फाईल हळू का जाते? तुमचे अनुभव लिहा

घरात वायर टाकली की गतीचा प्रश्न मिटला, असं मी धरून चाललो होतो. भिंतीतून केबल नेली, दोन्ही टोकांना गिगाबिटची (सेकंदाला १००० मेगाबिटची) उपकरणं लावली आणि घरचे सगळे फोटो-व्हिडिओ नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवर, टाकायला घेतले. एकूण ४०० जीबी. कॉपीच्या खिडकीत आकडा दिसत होता सेकंदाला ११.२ एमबी. रात्री लावलेलं काम सकाळी उठलो तरी चालूच होतं.

तो ११.२ नीट पाहिला असता तर रात्रीच उलगडा झाला असता. नेटवर्कची गती बिटमध्ये सांगतात आणि फाईलची बाइटमध्ये, म्हणजे आठाने भागायचं. १०० एमबीपीएसचे (सेकंदाला १०० मेगाबिटचे) होतात १२.५ एमबी, त्यातून पॅकेटांचा वरखर्च गेला की हातात ११-१२ उरतात. गिगाबिटवर याच हिशेबाने ११० ते ११८ मिळायला हवेत. म्हणजे माझी लिंक गिगाबिटवर नव्हतीच. नेटवर्क कार्डाच्या माहितीत पाहिलं, तिथे स्पष्ट लिहिलं होतं, १०० एमबीपीएस.

दोष निघाला नॅसजवळच्या छोट्या पॅच कॉर्डमध्ये. मोबाईलच्या टॉर्चखाली प्लग धरला तेव्हा पारदर्शक प्लास्टिकमधून दिसलं, की सात तारा टोकाला टेकल्यात आणि आठवी, तपकिरी, सोनेरी पात्याच्या अलीकडेच थांबलीय. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, १, २, ३ आणि ६ या पिनांवरच्या. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. एक तार जरी तुटकी असली, तरी बहुतेक उपकरणं गुपचूप १०० वर उतरतात आणि कुठेही तक्रार दाखवत नाहीत. इंटरनेट चालतं, सिनेमा दिसतो, सगळं ठीक वाटत राहतं. कॉर्ड बदलली आणि आकडा ११२ वर गेला.

तुमच्याकडे काय सापडलं ते लिहा. आधी आकडा किती दिसत होता, शोध कसा घेतलात आणि शेवटी दोष कुठे निघाला, हे तिन्ही हवं. आकडा विसरू नका, माझ्या मते अर्धं निदान तिथेच असतं.

*

माझा आकडा सुरुवातीला उत्तम असायचा. मी व्हिडिओ संपादन करते, एकेक फाईल ५०-६० जीबीची. कॉपी ११२ वर सुरू व्हायची, काही मिनिटं छान चालायची आणि मग एकदम १५-२० वर यायची. मधेच शून्य, पुन्हा २०. मी केबल बदलली, स्विच (घरातल्या तारा एकमेकींना जोडणारी पेटी) बदलला. काही फरक नाही.

मग एका सहकाऱ्याने आयपर्फ३ चालवायला सांगितलं. या छोट्या प्रोग्रॅमचा मोठा गुण असा, की तो एका संगणकाच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत नुसता डेटा पाठवतो, डिस्कला हातच लावत नाही. एका बाजूला तो सर्व्हर म्हणून चालू ठेवायचा, दुसऱ्या बाजूने त्याला जोडायचं. दहा सेकंदांत उत्तर आलं, ९४१ एमबीपीएस. तार निर्दोष होती, मी आठवडाभर चुकीच्या जागी शोधत होते.

दोष होता घेणाऱ्या डिस्कचा. ती एसएमआर प्रकारची निघाली. यात डेटाचे पट्टे घरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली उचलावी लागतात, तसंच इथे एक पट्टा बदलायला शेजारचे पुन्हा लिहावे लागतात. डिस्क आधी सगळं एका वेगळ्या मोकळ्या भागात पटापट घेते, तो भाग भरला की तिचा दम उखडतो. वाचताना मात्र अडचण नसते. म्हणून खरेदी करताना डिस्क सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढवलेली) आहे की एसएमआर, हे आता मी आधी बघते. बॅकअपसाठी एसएमआर चालते, रोजच्या मोठ्या लिखाणाला नाही.

*

११.५. जुना राउटर. त्याची चारही लॅन पोर्ट १०० ची होती आणि इंटरनेटही तेवढंच होतं, म्हणून कधी जाणवलं नाही. राउटर बदलला नाही. एक गिगाबिट स्विच आणला, संगणक आणि नॅस दोन्ही त्याला जोडले, स्विचमधून एकच तार राउटरला दिली. एकाच स्विचवरच्या दोन उपकरणांमधली फाईल राउटरपर्यंत जातच नाही, स्विच ती परस्पर पोचवतो.

*

माझं प्रकरण मी स्वतः केलेल्या वायरचं आहे. आकडा कधी ६०, कधी ३०, मधेच लिंक तुटून पुन्हा जोडायची, आणि तेव्हा कधी १००० वर यायची, कधी १०० वर. टेस्टर लावला तर आठही दिवे बरोबर क्रमाने लागत होते. त्यामुळे केबलवर संशय घ्यायला मन तयार होईना.

मी तारा लावताना जोड्या सरळ एकामागोमाग एक ठेवल्या होत्या: नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी. दोन्ही टोकांना तसंच, म्हणून टेस्टरला सगळं जुळलेलं दिसत होतं. पण इथरनेटमध्ये ३ आणि ६ या पिना मिळून एक जोडी होते. माझ्या क्रमात ३ वर आली हिरवी-पांढरी आणि ६ वर आली निळी, म्हणजे एकच सिग्नल दोन वेगवेगळ्या पिळांतून निघाला. जोडीतल्या तारांना पीळ दिलेला असतो तो याचसाठी, की बाहेरचा गोंधळ दोन्हींवर सारखा पडावा आणि समोरच्या टोकाला वजा होऊन जावा. जोडीच फुटली की पिळाचा उपयोग संपतो. दिव्यांच्या टेस्टरला हे कळत नाही, तो फक्त तार सलग आहे का एवढं बघतो.

मला ते कळलं इथटूलमध्ये, म्हणजे लिनक्सवर नेटवर्क कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. सीआरसी चुकांचा, म्हणजे वाटेत बिघडून आलेल्या पॅकेटांचा, आकडा कॉपी चालू असताना डोळ्यांदेखत वाढत होता. तो शून्यावर स्थिर असायला हवा. दोन्ही टोकं कापून योग्य क्रमाने पुन्हा लावली: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी बसते, हे एकदा हाताने केलं की विसरायला होत नाही. त्यानंतर त्या केबलवर एकही चूक नोंदली गेलेली नाही.

*

यूएसबीचं लॅन अडॅप्टर वापरणाऱ्यांसाठी. माझा आकडा ३५ होता आणि तो हलायचाच नाही. अडॅप्टर गिगाबिटचं, लिंकही १००० दाखवत होती. पण ते मी यूएसबी २ च्या पोर्टात खुपसलं होतं. त्या पोर्टाची कागदावरची मर्यादाच ४८० एमबीपीएस, प्रत्यक्षात ३० ते ४० एमबी मिळतात. शेजारच्या यूएसबी ३ च्या पोर्टात लावलं, ११० मिळाले. बाहेरची हार्ड डिस्क जोडतानाही हे बघून घ्या.

*

मधेच विचारतो, चालेल ना? माझ्याकडे लिंक दोन्हीकडे १००० आहे. नॅसवरून आणताना ११२ मिळतात, टाकताना २०-२५. डिस्क एसएमआर नाही, मी तपासलंय. आणि ही गती पहिल्या सेकंदापासूनच कमी असते, नंतर पडते असं नाही. कुठून सुरुवात करू?

*

वरच्या दादांसाठी: आयपर्फ३ दोन्ही दिशांनी चालवा. उलट दिशेसाठी त्यात मोठ्या आर अक्षराचा पर्याय आहे. त्यातही एकच दिशा मंद निघाली तर डिस्क सोडून द्या आणि तारेकडे बघा. मग एक लांब केबल दारातून जमिनीवरून नेऊन दोन्ही टोकं थेट जोडा, म्हणजे भिंतीतला भाग पूर्ण वगळला जाईल.

माझा स्वतःचा अनुभवही एका दिशेचाच आहे, पण कारण वेगळं. पूर्वी कधीतरी मी संगणकाच्या कार्डाला १०० फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) असं पक्कं नेमून दिलं होतं. समोरचा स्विच ऑटोवर. अशा वेळी स्विचला गती ओळखता येते, डुप्लेक्स नाही, आणि तो नियमाप्रमाणे हाफ (एका वेळी एकच दिशा) धरतो. मग संगणक हवं तेव्हा बोलतो आणि स्विच समोरचं थांबायची वाट बघतो. पिंग (छोट्या पॅकेटांची चाचणी) अगदी स्वच्छ येतो, पण मोठी फाईल लावली की टकरा सुरू. माझ्याकडे एका दिशेने ८-९ एमबी जायचे, दुसऱ्या दिशेने अर्धा एमबीसुद्धा नाही. दोन्हीकडे ऑटो केलं की संपलं. तांब्याच्या गिगाबिटला तर ऑटो असणं सक्तीचंच आहे, त्यामुळे हाताने गती नेमण्याची सवयच सोडलेली बरी.

*

मोठी एकच फाईल ११० ने जाते आणि फोटोंचा फोल्डर ३ ने, असं असेल तर काही बिघडलेलं नाही. माझ्याकडे साठ हजार छोट्या फाईली होत्या. प्रत्येकीसाठी उघड, नाव नोंदव, वेळ नोंदव, लिही, बंद कर, आणि प्रत्येक पायरीला समोरून होकार येईपर्यंत थांब. डेटा थोडा, विचारपूसच जास्त. मी आधी सगळ्यांची एक टार फाईल केली, ती पाठवली आणि पलीकडे उघडली. विंडोजवर रोबोकॉपीचा एमटी पर्यायही कामाला येतो, तो अनेक फाईली एकाच वेळी चालवतो.

*

मी केबल उपटून पाहिली आणि कॉपी तशीच चालू राहिली! नॅसला वाय-फायही होतं आणि वायरही. दोघांचे पत्ते वेगळे, आणि माझ्या संगणकात जतन केलेला शॉर्टकट वाय-फायच्या पत्त्याचा. नॅसचं वाय-फाय बंद करून वायरच्या पत्त्याने नवा शॉर्टकट केला.

*

जंबो फ्रेमबद्दल (नेहमीपेक्षा मोठ्या पॅकेटांबद्दल) सावध करावंसं वाटतं, कारण हा सल्ला फार सहज दिला जातो. मी संगणक आणि नॅस दोन्हीकडे एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी, बाइटमध्ये) ९००० केला. फोल्डर उघडायचे, छोट्या फाईली जायच्या, पिंग उत्तम. मोठी फाईल टाकली की शून्यावर गोठायची. मधला जुना स्विच एवढे मोठे फ्रेम घेत नव्हता आणि काही न कळवता टाकून देत होता. दोन्ही टोकांना मोठं चालतं म्हणून ती मोठंच पाठवत होती. पुन्हा १५०० केलं. गिगाबिटवर जंबोचा फायदा सगळं जुळलं तरी चार-पाच टक्क्यांचा. घरी एवढ्यासाठी हे करावं असं मला वाटत नाही.

*

जुनं नॅस, एसएसएचवरून (एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीवरून) आरसिंक हा कॉपीचा प्रोग्रॅम, १८ एमबी. नॅसचा एक कोअर १०० टक्क्यांवर दिसला, एन्क्रिप्शनचा भार त्याला पेलत नव्हता. घरातल्या घरात आरसिंकचा स्वतःचा डीमन (एन्क्रिप्शनशिवाय चालणारी त्याची सेवा) वापरायला लागलो, आता ७० च्या पुढे मिळतात.

*

मगाशी विचारणारा मीच. आयपर्फ३ दोन्ही दिशांनी चालवलं: एकीकडे ९४१, दुसरीकडे २०० च्या आसपास, आणि पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांच्या रकान्यात शेकड्यांनी आकडे. मग सांगितल्याप्रमाणे दारातून लांब केबल नेली. दोन्हीकडे ९४०. म्हणजे भिंतच.

आज सकाळी सॉकेटचं झाकण उघडलं. जोड्यांचे पीळ चार बोटं उलगडून ठेवलेले होते, खरं तर अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचे नसतात. आणि निळी-पांढरी तार खाचेत पुरती दाबलेलीच नव्हती, वरच्या वर टेकून होती. बोटाने हलवली तर हलत होती. केबल थोडी मागे कापली, पीळ खाचेपर्यंत तसेच ठेवले आणि पंच टूलने आठही तारा टक्कन आवाज येईपर्यंत दाबल्या.

आता आयपर्फ३ वर ९३८ आणि ९४१. नॅसवर टाकायला लावलेली कॉपी समोर चालू आहे, १११ वर. वरच्या मजल्यावर त्याच वेळी बसवलेले आणखी दोन सॉकेट आहेत, दुपारी तेही उघडतो.