मदत हवी आहे: ओंटारिओत (कॅनडा) बायकोचं पीआर (कायम रहिवासाची परवानगी) होईपर्यंत हेल्थ कार्ड आणि विम्याचं काय करायचं?

हिरवाचाफा
नमस्कार मंडळी. गाव किचनर, ओंटारिओ. मी पीआर आहे. बायको जूनमध्ये व्हिजिटर व्हिसावर आली, मुक्कामाची मुदत डिसेंबरपर्यंत आहे. तिच्या पीआरसाठी स्पॉन्सरशिपचा अर्ज इनलँड प्रकारात (जोडीदार कॅनडातच राहत असताना करायचा) पोर्टलवरून भरला, एओआर (अर्ज पोचल्याचं पत्र) हातात आहे. तिला थायरॉइड आहे, रोजची एक गोळी चालू आहे. बाकी काही नाही.

विचारायचं आहे ते असं. एओआर दाखवून ओहिप (ओंटारिओचा सरकारी आरोग्य विमा) मिळतं का? माझ्या ऑफिसच्या विम्यात तिचं नाव घातलं तर भागेल का? बाहेरचा विमा घ्यायचा तर पॉलिसीत नेमकं काय वाचायचं? आणि डिसेंबरच्या आत काय काय उरकून ठेवावं?

काठावरचा
एओआरवर ओहिप मिळत नाही. अर्ज पोचला, फाइल नंबर पडला, एवढंच ते पत्र सांगतं. पीआरसाठी अर्ज करायला लागणाऱ्या अटी ही व्यक्ती पूर्ण करते आणि तिचा अर्ज फेटाळलेला नाही, असं आयआरसीसीने (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याने) कळवलेलं असावं, अशी ओंटारिओची अट आहे. इनलँड अर्जात हे वाक्य बहुतेक वेळा पहिल्या टप्प्याच्या मंजुरीच्या पत्रात येतं, ज्याला सगळे एआयपी म्हणतात. तुम्ही स्पॉन्सर म्हणून पात्र ठरल्याचं वेगळं पत्र येईल. ते तुमच्याबद्दल असतं, बायकोबद्दल नाही. काउंटरवर इथेच अनेकांची फेरी फुकट जाते.

तुमच्या ओहिपवर ती आपोआप येत नाही. ओहिप घराला मिळत नाही, प्रत्येकाला स्वतःच्या पात्रतेवर मिळतं. वर्क परमिटवर नोकरी करणाऱ्याला ओहिप लागू झालं की त्याच्या जोडीदारालाही लागू होतं. पीआर किंवा नागरिकाच्या व्हिजिटर जोडीदाराला मात्र ती सोय नाही. हे अन्यायाचंच आहे, पण नियम तसा आहे, म्हणून रस्ता त्याच्यातूनच काढावा लागतो.

रस्ते दोन. एक एआयपीचा, तो तुमच्या हातात नाही. दुसरा ओपन वर्क परमिटचा (कुठल्याही मालकाकडे काम करायची परवानगी), तो बऱ्यापैकी हातात आहे. एओआर आलंय, ती तुमच्याच पत्त्यावर राहते, तिचा मुक्काम वैध आहे. म्हणजे ती आजच अर्ज करू शकते. मे २०२३ पासून आउटलँड (परदेशातल्या जोडीदारासाठीच्या) प्रकारात अर्ज करून कॅनडात राहणाऱ्यांनाही हे खुलं झालंय, तुम्ही तर इनलँडच आहात. फॉर्म आयएमएम ५७१०, ऑनलाइन. फी २५५ डॉलर, म्हणजे १५५ परमिटचे आणि १०० ओपन असल्याचे. भरण्याआधी साइटवर आकडा ताडून घ्या. सोबत एओआर, पासपोर्टची पानं, फोटो आणि एकाच पत्त्यावर राहत असल्याचा पुरावा लागतो.

परमिट आल्यावर तिला ओंटारिओतल्या मालकाकडे फुल टाइम नोकरी लागली की ओहिपचं दार उघडतं. सहा महिने काम करून मग जायचं असा समज आहे, तो चुकीचा. नोकरी किमान सलग सहा महिने चालणार आहे हे मालकाने लिहून द्यायचं असतं. पत्र लेटरहेडवर हवं. त्यात कंपनीचं नाव, ओंटारिओतला पत्ता, तिचं नाव, पद, सुरुवातीची तारीख, 'फुल टाइम' हे शब्द आणि सहा महिन्यांचं वाक्य असलं पाहिजे. एचआरवाले पुष्कळदा नुसतं 'आमच्याकडे नोकरीला आहे' एवढंच देतात, ते परत येतं. दोन पार्ट टाइम मिळून फुल टाइम धरत नाहीत. भारतातल्या कंपनीचं काम इथे घरी बसून करणं यात बसत नाही.

सर्व्हिसओंटारिओला (प्रांताच्या सरकारी सेवा केंद्रात) जाताना तीन प्रकारची मूळ कागदपत्रं लागतात: इमिग्रेशन दर्जाचा कागद, ओंटारिओत राहत असल्याचा पुरावा आणि ओळखपत्र. फॉर्म ०२६५-८२. पूर्वीची तीन महिन्यांची वाट मार्च २०२० मध्ये काढून टाकली, त्यामुळे पात्र ठरल्यावर लगेच कव्हर सुरू होतं. फक्त पहिल्या १८३ दिवसांपैकी १५३ दिवस ओंटारिओत काढावे लागतात, हे भारताची तिकिटं काढताना ध्यानात ठेवा.

राहण्याच्या पुराव्यावर बायका अडकतात, कारण घरातला एकही कागद त्यांच्या नावावर नसतो. लीजवर तिचं नाव आजच घालून घ्या, जॉइंट खातं काढा आणि स्टेटमेंट पोस्टाने मागवा. हेच कागद नात्याचा पुरावा म्हणून स्पॉन्सरशिपच्या फाइललाही जोडता येतात.

मृगनक्षत्र
काठावरचा यांनी दारं सांगितली, मी मधल्या काळाचं सांगते.

ऑफिसच्या विम्यात नाव जरूर घाला, पण तो ओहिपच्या वरचा थर आहे. दात, चष्मा, औषधं त्यात येतात. हॉस्पिटल आणि डॉक्टरचा मूळ खर्च प्रांताने दिलाय असं तो विमा गृहीत धरतो. बऱ्याच ग्रुप पॉलिसींत तर प्रांताचं कव्हर नसलेल्या जोडीदाराला घेतच नाहीत. एचआरला नुसतं 'ॲड होईल का' विचारू नका. 'तिच्याकडे प्रांताचं कव्हर नाही, तरी क्लेम चालेल का' हे लेखी विचारा.

म्हणून 'व्हिजिटर्स टू कॅनडा' प्रकारची पॉलिसी घ्याच. १ लाख डॉलरच्या खाली जाऊ नका. आयसीयूतले चार दिवस छोटी रक्कम खाऊन टाकतात. ही पॉलिसी अचानक आलेल्या आजारासाठी आणि अपघातासाठी असते. तपासण्या, लसी, रुटीन रक्ततपासणी यात येत नाही. पोचल्यानंतर घेतली तर आजारासाठी सुरुवातीचे काही दिवस कव्हर नसतं. काहींत ४८ तास, उशीर झाला तर आठवडाभरही. अपघात पहिल्या दिवसापासून धरतात. मुदत संपायच्या आत वाढवली नाही तर हे दिवस पुन्हा मोजतात, तेव्हा नूतनीकरणाची तारीख फोनमध्ये लावून ठेवा.

आता थायरॉइड. 'प्री-एक्झिस्टिंग' आणि 'स्टेबल' ही दोन कलमं शब्द न् शब्द वाचा. स्थिर राहण्याचा काळ पॉलिसीप्रमाणे ९० किंवा १८० दिवसांचा असतो. त्या काळात नवं लक्षण, नवी तपासणी किंवा डोसमध्ये बदल झाला तर तो आजार अस्थिर धरतात. डोस कमी केला, तब्येत सुधारली, तरी बदल तो बदलच. म्हणजे ७५ मायक्रोग्रॅमवरून ५० वर आणलं आणि महिन्याभरात धडधडीने इमर्जन्सीत जावं लागलं, तर कंपनी ते बिल थायरॉइडचं म्हणून नाकारू शकते. याचा अर्थ पॉलिसीसाठी डोस बदलायचं टाळा असा अजिबात नाही. डॉक्टरने सांगितलं तर बदलाच, फक्त कुठला भाग उघडा पडतो ते माहीत असू दे. आणि फॉर्मवर थायरॉइड लपवू नका. क्लेम आला की कंपनी जुने रिपोर्ट मागवते आणि खोटं सापडलं की अख्खी पॉलिसी रद्द होते, हात मोडल्याचा क्लेमसुद्धा.

टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि गोळीसाठी वॉक-इनमध्ये (अपॉइंटमेंट न लागणाऱ्या दवाखान्यात) पैसे देऊन दाखवा आणि लॅबला आधी दर विचारा. प्रिस्क्रिप्शनसकट, मूळ पाकिटात, ९० दिवसांपर्यंतचं औषध येणाऱ्याला फक्त स्वतःसाठी सोबत आणता येतं, घरून येणाऱ्या दुसऱ्या कुणाकडून तिची गोळी मागवू नका.

इमर्जन्सी झाली तर कार्डावरच्या मदत क्रमांकावर जमलं तर उपचाराआधी, नाहीतर २४ तासांत फोन करा. न कळवता केलेल्या खर्चावर कात्री लावायचं कलम जवळजवळ सगळ्या पॉलिसींत असतं. पुढे हेल्थ कार्ड आलं आणि क्लेम केलेला नसेल, तर उरलेल्या महिन्यांचा हप्ता बहुतेक कंपन्या परत देतात. मागावा मात्र लागतो.

हिरवाचाफा
दोघांचे मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. डिसेंबरच्या मुदतीचं काय करू? आणि पुढच्या वर्षात बाळाचा विचार आहे. ओहिपशिवाय गरोदरपण निभावतं का?

काठावरचा
वर्क परमिटचा अर्ज मुदतीच्या आत गेला तर निर्णय येईपर्यंत ती इथे कायदेशीर राहते, वेगळा व्हिजिटर विस्तार लागत नाही. परमिटचं काही कारणाने लांबणार असेल तर आयएमएम ५७०८ (व्हिजिटर मुदतवाढीचा फॉर्म) भरा, १०० डॉलर. या वाट पाहण्याच्या काळात तिने काम करायचं नाही, एक दिवससुद्धा नाही. ती व्हिजिटरच असते.

पीआरची मेडिकल झालेली नसेल तर परमिटवर पाळणाघर, शाळा आणि आरोग्यसेवेत काम करता येणार नाही अशी ओळ छापून येते. तिला त्या क्षेत्रात जायचं असेल तर हे आधी बघा. आणि थायरॉइडमुळे पीआर अडेल का ही धास्ती असेल तर ती सोडा. उपचाराचा खर्च जास्त होईल म्हणून नाकारण्याचं कलम प्रायोजित जोडीदाराला लागूच नाही.

अजून एक. इनलँड फाइल चालू असताना भारतात जाण्यात जोखीम आहे. परत येताना सीमेवरच्या अधिकाऱ्याने अडवलं तर 'कॅनडात एकत्र राहतो' ही फाइलची अटच तुटते, आणि इनलँडच्या नकारावर अपील नाही, थेट फेडरल कोर्ट. आउटलँडला अपीलचा हक्क असतो.

मृगनक्षत्र
बाळाचं नीट वाचा, कारण इथे चूक महागात जाते. व्हिजिटर पॉलिसी नॉर्मल बाळंतपण देत नाही. काही पॉलिसी अचानक आलेली गुंतागुंत देतात, तीही ठरावीक आठवड्यांपर्यंतच. 'मॅटर्निटी' शब्द दिसला म्हणून हुरळून जाऊ नका, आठवड्यांचं कलम वाचा.

ओंटारिओत मिडवाइफची (प्रशिक्षित सुईणीची) सेवा मात्र ओहिप नसलेल्या रहिवाशांनाही मोफत आहे. हे फार कमी जणांना माहीत असतं. पैसे आरोग्य मंत्रालय देतं. रेफरल लागत नाही, स्वतः फोन करायचा. जागा पटकन भरतात, म्हणून टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात दोन-तीन क्लिनिकांत नाव घाला. कमी जोखमीचं गरोदरपण, तपासण्या, प्रसूती आणि नंतरचे सहा आठवडे त्या बघतात. फोनवर एकच प्रश्न विचारा: 'ओहिप नाही, तर लॅब, सोनोग्राफी आणि स्पेशालिस्टच्या बिलाचं तुमच्याकडे काय होतं?' याचं उत्तर क्लिनिकप्रमाणे बदलतं. थायरॉइडमुळे स्पेशालिस्टचं मत लागू शकतं, आणि गरोदरपणात टीएसएच वरचेवर बघावं लागतं, ते चुकवू नका.

हॉस्पिटलात प्रसूती झाली तर खोलीचं, भुलेचं आणि सिझेरियनचं बिल हॉस्पिटल लावतं. मार्च २०२० ते ३१ मार्च २०२३ सरकार विमा नसलेल्यांचा हा खर्च उचलत होतं, ती योजना बंद झाली. जुन्या पोस्टी वाचून त्यावर विसंबू नका. सहाव्या-सातव्या महिन्यातच हॉस्पिटलच्या बिलिंगला लेखी अंदाज मागा आणि ठासून सांगा की ती ओंटारिओची विमा नसलेली रहिवासी आहे. बऱ्याच हॉस्पिटलांत याचा दर वेगळा आणि परदेशी पाहुण्याचा वेगळा, बराच चढा. लीज आणि स्पॉन्सरशिपचं एओआर तिथे दाखवा. हप्ते बांधून मिळतात, पण प्रसूतीच्या आधी बोलावं लागतं.

बाळाची काळजी नको. इथे जन्मलेलं बाळ कॅनडाचं नागरिक, तुम्ही इथले रहिवासी. त्याची ओहिप नोंदणी हॉस्पिटलातच करता येते. आईचं कार्ड नाही म्हणून कुणी तो फॉर्म दिला नाही तर मागून घ्या.

साध्या आजारपणासाठी जवळचं कम्युनिटी हेल्थ सेंटर शोधा. विमा नसलेल्यांना बघणं हे त्यांच्या कामाचा भाग आहे. यादी लांब असते, त्यामुळे ती धडधाकट असतानाच नाव घाला.

सह्यकडा
आम्ही व्हँकुव्हरला. हेच नियम इकडे का?

काठावरचा
नाही. बी.सी.मध्ये (ब्रिटिश कोलंबिया, म्हणजे तुमच्या प्रांतात) एमएसपीला (तिथल्या सरकारी आरोग्य विम्याला) आल्याचा उरलेला महिना अधिक दोन महिने अशी वाट असते. पण कॅनडातून केलेला जोडीदाराचा पीआर अर्ज चालू असेल, तर तिथल्या रहिवाशाच्या खात्यावर जोडीदाराची नोंद करण्याची सोय आहे. आयआरसीसीचं पोचपत्र जोडून अर्ज करा. क्वेबेकचं तंत्र अजून निराळं, त्यासाठी वेगळा धागा काढा.

पळसपान
एक भीती लोक बोलून दाखवत नाहीत, म्हणून लिहितो. 'मी स्पॉन्सर म्हणून तीन वर्षांची हमी दिलीय, मग बायकोने सरकारी कार्ड घेतलं तर माझ्या अंगाशी येईल का?' नाही. हमी सामाजिक मदतीची आहे, म्हणजे ओंटारिओ वर्क्ससारख्या योजनांची. ओहिप त्यात येत नाही. आणि ती तीन वर्षं पीआर झाल्या दिवसापासून सुरू होतात.

खिशातून गेलेली डॉक्टर-हॉस्पिटलची बिलं जपा. टॅक्स रिटर्नमध्ये ओळ ३३०९९ वर तुम्ही बायकोसाठी दाखवू शकता.

हिरवाचाफा
शेवटचं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे. लग्नाचा दाखला नमुना 'ई', ग्रामपंचायतीचा, हाताने मराठीत लिहिलेला. नाव आता बदलून घ्यावं का?

मृगनक्षत्र
आता अजिबात नको. आयआरसीसी पासपोर्टवरचं नाव धरते, वर्क परमिट त्याच नावाने निघतं, आणि सर्व्हिसओंटारिओ परमिटवरच्या नावाने कार्ड छापतं. मध्येच पासपोर्ट बदलला की तिन्ही ठिकाणी जुळवाजुळव करत बसावं लागतं. घरी सगळे तिला सासरच्या नावाने ओळखत असतील, आधार किंवा बँकेत ते नाव असेल, तर आयएमएम ०००८ मध्ये 'इतर नावं' विचारलीत तिथे ते लिहा. राहिलं असेल तर वेबफॉर्मने कळवा. आपल्याकडे वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, कधी पहिलं नावसुद्धा बदलतात. ऑफिसरला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. पहिलं नाव बदललं असेल आणि राजपत्रात छापून आलं असेल, तर ते पान जोडा.

मराठी दाखल्याचं इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ दाखल्याची प्रत, असे तीन कागद एकत्र लागतात. भाषांतर नात्यातल्या कुणी केलेलं चालत नाही, तो व्यवसायाने भाषांतरकार असला तरी. ग्रामसेवकाचा शिक्का पुसट असेल तर रंगीत स्कॅन चढ्या रिझोल्यूशनवर करा, काळ्या-पांढऱ्यात शिक्का दिसतच नाही.

हिरवाचाफा
शिक्का पुसटच आहे, आज पुन्हा स्कॅन करतो. ५७१० ची फी या आठवड्यात भरतो आणि लीजसाठी घरमालकाला आजच मेल टाकतो. एआयपी आलं की इथेच तारीख लिहीन.