नव्या टीव्हीवरचं बोलणं बाबांना कळत नाही, जुना अ‍ॅम्प्लिफायर जोडता येईल का?

फोंडेकर
नमस्कार. बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर. चवथीच्या आधी ४३ इंची टीव्ही घेतला. चित्र झकास, पण बातम्या सांगणारा काय बोलतो ते त्यांना कळत नाही. आवाज वाढवला की शेजाऱ्यांच्या अंगणात पोचतो, शब्द मात्र तेवढेच गुळमुळीत. दुकानदार साउंडबार घ्या म्हणतो. माळ्यावर काकांनी १९८४ साली बहरीनहून आणलेला जपानी अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर पडून आहेत. मागे फोनो, ट्यूनर, ऑक्स, टेप असे सॉकेट. टीव्हीला हेडफोन, ऑप्टिकल आणि एचडीएमआय एआरसी. जोडता येईल, की भंगारवाल्याला बोलवू?

पर्वरीचा पाहुणा
साउंडबार घ्या, मोकळे व्हा. नाहीतर अ‍ॅम्प्लिफायरला ब्लूटूथ रिसीव्हर लावा, वायरची कटकट नाही.

म्हापशाचा रेडिओवाला
ब्लूटूथ नको. ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. आधीच नीट ऐकू न येणारा माणूस ओठांकडे बघूनच शब्द पकडतो.

फोंडेकरबाब, भंगारात मुळीच देऊ नका. टीव्ही पातळ झाले तसे त्यांचे स्पीकर चिमुकले झाले, आणि तोंड खाली नाहीतर मागे. बाबांच्या कानावर शब्द येतो तो भिंतीला आणि लाद्यांना आपटून. काकांच्या स्पीकरचं तोंड निदान माणसाकडे आहे.

पण माळ्यावरून उतरवून थेट प्लग लावू नका. मागे व्होल्टेजचा सिलेक्टर आहे का बघा, स्क्रूड्रायव्हरने फिरतो. तो ११० वर असेल तर आपल्या २३० वर धूर निघेल. गल्फच्या मालात बहुधा २२० किंवा २४० असतो. तारवट्यांनी जहाजावरून आणलेल्यात काय असेल ते देव जाणे. मग मेकॅनिककडून सिरीज बल्बवर, म्हणजे विजेच्या वाटेत मध्ये एक बल्ब जोडून, चालू करून घ्या. शंभरचा जुना पिवळा बल्ब पेटून लगेच मंदावला तर बरं, भगभगीत जळत राहिला तर आत शॉर्ट.

स्पीकरची जाळी काढून कोनच्या कडेची रिंग बोटाने चाचपा. स्पंजची असेल तर आपल्या दमट हवेत एव्हाना तिचा चुरा झाला असणार, बोटाला काळा चिकट लगदा लागतो. नवी रिंग बसवून मिळते. रबराची किंवा कापडाची निघाली तर नशीब.

हेडफोनमधून लाल-पांढऱ्या पिनांची वायर ऑक्समध्ये घाला. फोनोत नको. तो सॉकेट रेकॉर्डच्या सुईचे चार-पाच मिलिव्होल्ट वाढवायला आणि वर बास फुगवायला केलेला, टीव्हीचा आवाज तिथे फाटतो. ऑप्टिकलला डॅकची डबी लागते, ती डिजिटल आवाज ऑक्सला चालेल असा करून देते. आवाज स्वच्छ येतो, पण पुष्कळ टीव्हींत ऑप्टिकलवरचा आवाज टीव्हीच्या रिमोटने कमी-जास्त होत नाही. प्रत्येक जाहिरातीला बाबांना उठवणार का? म्हणून मी हेडफोन म्हणतो. ऑडिओचे शौकीन नाक मुरडतील, मुरडू देत.

बास कमी, ट्रेबल जरासा वर, लाउडनेसचं बटण बंद. स्पीकर जमिनीवर नको, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवा.

फोंडेकर
सिलेक्टर २४० वर होता. रिंग कापडाची! मेकॅनिकने व्हॉल्यूमच्या बटणात स्प्रे मारून खरखर घालवली. काल जोडलं. आवाज दणदणीत, पण बोलणं मधून येत नाही, खोलीभर पसरल्यासारखं वाटतं. आणि मागे बारीक घूं चालू असते.

म्हापशाचा रेडिओवाला
एका स्पीकरच्या वायरी उलट्या असतील. एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि जे मधोमध ऐकू यायला हवं, म्हणजे नेमकं बोलणंच, ते पोकळ होतं. वायरी अ‍ॅम्प्लिफायरकडून सोडवा. भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या, अधिक टोक लाल वायरीला आणि उणे काळीला क्षणभर टेकवा. 'टक्' होऊन कोन बाहेर यायला हवा. दोन्ही स्पीकर सारखे वागेपर्यंत अदलाबदल करा.

घूंसाठी डिशची केबल सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. घूं गेली तर अर्थिंगची भानगड. तेव्हा मात्र ऑप्टिकल आणि डॅक, कारण त्यातून फक्त प्रकाश जातो, विजेचा सांधाच राहत नाही. डॅक लावलात तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम'वर, म्हणजे साध्या डिजिटल आवाजावर, ठेवा. स्वस्त डब्यांना डॉल्बी पद्धतीने गुंडाळलेला आवाज उलगडता येत नाही, गप्प बसतात.

फोंडेकर
डावा उलटा होता. आता निवेदक टीव्हीच्या मधोमध बसून बोलतो! घूं केबल काढली की जाते, पण बाबांना ती ऐकूच येत नाही, त्यामुळे डॅकचा खर्च सध्या लांबणीवर.

म्हापशाचा रेडिओवाला
लांबवा खुशाल. पण पावसात गडगडायला लागलं की प्लगही काढा आणि डिशची केबलही. नुसता स्विच बंद करून भागत नाही, केबलमधून आलेल्या विजेने टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही जातात.