मदत हवी आहे : रोमन अक्षरांवरची आडवी रेघ आणि खालचे टिंब कसे टाइप करावे?

संस्कृत अवतरणांचे रोमन लिप्यंतर मला नियमितपणे टाइप करावे लागते. त्यात दीर्घ स्वरांवर आडवी रेघ आणि ट, ड, ण, ष यांसारख्या वर्णांसाठी रोमन अक्षराखाली टिंब लागते. लॅपटॉप विंडोज 11 चा असून त्याला अंकांच्या वेगळ्या कळा नाहीत. तो कार्यालयाचा असल्यामुळे बाहेरचे सॉफ्टवेअर बसवता येत नाही, मात्र विंडोजमधलेच कीबोर्ड लेआउट जोडता येतात.

'युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल' लेआउटमध्ये फ्रेंच-स्पॅनिशच्या खुणा सहज येतात, पण आडवी रेघ आणि खालचे टिंब येत नाही; शिवाय साध्या अवतरणचिन्हानंतरही स्पेस दाबावी लागते, हे त्रासदायकच. माओरी लेआउटमध्ये रेघेचे स्वर मिळतात, टिंब मिळत नाही. वर्डमध्ये 0101 हा युनिकोड क्रमांक (प्रत्येक अक्षराला दिलेला ठरावीक क्रमांक) लिहून ऑल्ट व एक्स दाबले की रेघेचा 'ए' उमटतो आणि अक्षरापुढे 0323 लिहून तेच केले की त्याखाली टिंब जोडले जाते ('डी'पुढचे आकडे मात्र आधी निवडावे लागतात, कारण हे क्रमांक सोळा-आधारी असतात आणि त्यांत 0 ते 9 सोबत 'ए' ते 'एफ' ही अक्षरेही अंक म्हणून येतात, त्यामुळे 'डी' हाही अंक धरला जातो). ब्राउझरमध्ये ही युक्ती चालत नाही. कॅरॅक्टर मॅप या विंडोजमधल्या अक्षरांच्या तक्त्यातून एकेक अक्षर उचलणे लांबलचक मजकुरासाठी व्यवहार्य नाही.

ब्राउझरसह सर्वत्र चालेल आणि रेघ व टिंब दोन्ही देईल असा, विंडोजमध्येच असलेला लेआउट कोणता? आणि 0323 ने जोडलेले टिंब व मुळातच टिंबासह असलेले एकसंध अक्षर शोध घेताना वेगवेगळे धरले जात असेल, तर आधीचा मजकूर एकसारखा कसा करून घ्यावा?